वरचा बर्फ, आतली आग



आजचे श्लोक : भगवद्गीता, अध्याय ३, श्लोक ६ आणि ७

भगवंत अर्जुनाला सांगतात, जो हातपाय आवरून गप्प बसतो पण मनात विषयच घोळवत राहतो, तो स्वतःलाच फसवतो. अशा माणसाला ते मिथ्याचारी म्हणतात. उपाय पुढच्याच श्लोकात आहे : मनाने इंद्रियं आवर आणि आसक्ती सोडून कामाला लाग.

हे श्लोक मी रागाला लावून बघतो. मीटिंगमध्ये कुणी टाकून बोललं, तर आपण हसून 'नो प्रॉब्लेम' म्हणतो. मग रात्री दोन वाजेपर्यंत मनातल्या मनात उत्तरं टाइप करत बसतो. सकाळी आई साधं 'डबा घेतलास का?' विचारते आणि आपण तिच्यावर खेकसतो. तिचा काय दोष?

अंटार्क्टिकात माउंट ताकाहे नावाचा ज्वालामुखी आहे. उंची सुमारे ३,४६० मीटर, चहूकडे नुसता बर्फ. आज तो निद्रिस्त आहे. पण बर्फात खोल ड्रिल करून काढलेल्या नमुन्यांवरून कळलं, की सुमारे १७,७०० वर्षांपूर्वी त्याचे उद्रेक जवळजवळ २०० वर्षं होत राहिले. बर्फ तर तेव्हाही होताच! वरून थंड दिसणं वेगळं, आतून निवणं वेगळं.

निवलेली आग बघायची तर आपल्या मावळात या. वडिवळ्याच्या धरणाच्या काठी उभं राहिलं की समोरचे डोंगर काळ्या पाषाणाचे. हा सगळा दख्खनचा लाव्हा, सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी जमिनीच्या भेगांतून थरावर थर आलेला. तो पूर्ण निवला. त्यात अडकलेल्या वायूच्या बुडबुड्यांच्या पोकळ्या राहिल्या, त्यांत पाणी झिरपलं आणि कितीतरी ठिकाणी पांढरे स्फटिक तयार झाले. असाच दगड कोरून सुमारे २,००० वर्षांपूर्वी कार्ल्याचं चैत्यगृह झालं. छिन्नी चालते ती निवलेल्या दगडावर.

मग राग समोरच्यावर ओतून मोकळं व्हायचं का? तेही नाही. पाचव्या अध्यायात (श्लोक २३) काम-क्रोधाचा वेग जिवंतपणीच सोसू शकणाऱ्याला भगवंत योगी म्हणतात, सुखी म्हणतात. आणि दुसऱ्या अध्यायात (श्लोक ६२) या आगीचं सरपणही दाखवतात : सततचं चिंतन. त्यातून आसक्ती, आसक्तीतून काम, कामातून क्रोध. म्हणजे मनातला रीप्ले थांबला, की आगीला सरपण मिळत नाही.

आजचा अभ्यास : जो प्रसंग पुन्हा पुन्हा आठवतोय, तो रात्री देवापुढे स्पष्ट शब्दांत सांगा. 'मला राग आलाय' एवढं तरी त्याच्यापुढे लपवू नका. रीप्ले सुरू झाला की नाम घ्या. आणि त्या माणसाशी बोलणं गरजेचं असेल, तर उद्या दिवसाउजेडी, सरळ आणि एकदाच बोला.

आधी आईशी मात्र नीट बोला.

जय हरी!