मजुराची मजुरी व मावळता सूर्य

प्रार्थना, उपवास व अर्पणे यांविषयी पवित्र शास्त्रात जसे नियम आहेत, तसाच मजुराच्या मजुरीविषयीही एक नियम आहे. अनुवाद, अध्याय २४, वचने १४ व १५ काढून पाहा. मजूर आपला बांधव असो वा परका, त्याची मजुरी त्याच दिवशी, सूर्य मावळण्यापूर्वी द्यावी, अशी तेथे आज्ञा आहे. कारणही तेथेच सांगितले आहे: तो गरीब असून त्याचा जीव त्या मजुरीकडे लागलेला असतो. धन्याला एका दिवसाचा उशीर क्षुल्लक वाटतो. मजुराच्या घरी मात्र तेवढ्याने चूल पेटत नाही.

यहूदाचा राजा यहोयाकीम (इ. स. पूर्व ६०९ ते ५९८) याने गंधसरूच्या तक्तपोशीचा प्रशस्त वाडा बांधला, पण राबणारांना मजुरी दिली नाही. यिर्मया संदेष्ट्याने त्याला त्याच्या पित्याची, योशीयाची, आठवण दिली. योशीयाने दीनदुबळ्यांचा न्याय केला. देवाला ओळखणे ते हेच, असे संदेष्टा सांगतो (यिर्मया, अध्याय २२). पुढे याकोबही आपल्या पत्रात (५:४) म्हणतो की, शेत कापणारांची अडकवून ठेवलेली मजुरी ओरडत आहे, आणि ती ओरड प्रभूच्या कानी गेली आहे.

शेत कापणारांचा हा प्रश्न आपणांस दूरचा नाही. बीड व इतर जिल्ह्यांतून हजारो कुटुंबे दरसाल ऊसतोडीस जातात. नवराबायको मिळून 'एक कोयता' धरला जातो. हंगामापूर्वी मुकादमाकडून उचल मिळते व मजुरी तीत वळती होते. उचल फिटली नाही, तर बाकी पुढल्या हंगामावर जाते. मुलेही बरोबर जातात, आणि शाळेत त्यांच्या जागा रिकाम्या राहतात. कोणी म्हणेल, येथे तर पैसा कामाआधीच मिळाला! परंतु संध्याकाळी मजूर कोणाचा बांधलेला राहू नये, हा त्या आज्ञेचा आशय होय. पैसा हाती येऊनही जो मोकळा होत नाही, त्याच्या बाबतीत अक्षर पाळले गेले, आशय मात्र मोडला. कर्जापायी माणसाला वेठीस धरणे १९७६ च्या कायद्याने निषिद्ध ठरले. मोशेच्या नियमशास्त्राने कर्जापायी चाकरी पूर्णपणे निषिद्ध केली नव्हती, पण तिला मर्यादा घातली होती.

आता प्रभू येशूचा द्राक्षमळ्याचा दाखला वाचा (मत्तय, अध्याय २०). शेवटच्या तासाला आलेल्यांनाही धन्याने पूर्ण दिवसाची मजुरी दिली. हा दाखला देवाच्या कृपेचा आहे, यात शंका नाही. तथापि कृपा समजावून सांगण्यासाठी प्रभूने जो धनी निवडला, तो संध्याकाळ होताच कारभाऱ्याला बोलावून मजुरी चुकती करणारा आहे, हे विसरता कामा नये. ज्याला न्याय ठाऊक आहे, त्याच्याच हातून औदार्य शोभते.

पालकांनो, हा पाठ मुलांबरोबर आपणही करावा. घरी धुणेभांडी करणाऱ्या बाईला महिन्याचे पैसे ठरल्या दिवशी मिळतात, की "उद्या ये" असे उत्तर मिळते? नाताळासाठी मंदिराला रंग देण्यापूर्वी मंडळीने आवार झाडणाऱ्याचे वेतन चुकते केले आहे काय? दानपेटीत टाकलेला रुपया कोणाच्या थकलेल्या मजुरीतला असेल, तर तो देवाला अर्पण होत नाही. ज्याचा त्याला तो आधी परत करावा, आणि मग अर्पण घेऊन यावे.