घरांतील बिनतारी जागल्या

खोलींत पाऊल टाकतांच दिवा आपोआप लागावा आणि माणूस निघून गेल्यावर थोड्या वेळानें तो आपोआप मालवावा, ही गोष्ट आतां नवलाची राहिलेली नाहीं. मोठ्या कचेऱ्यांच्या जिन्यांत आणि अलीकडे साध्या घरांतूनहि अशी योजना दिसूं लागली आहे. या योजनेचा प्राण म्हणजे आगपेटीएवढें एक लहानसें यंत्र होय. त्यास चलन-संवेदक, अथवा रोजच्या बोलण्यांत मोशन सेन्सर, असें म्हणतात. तें बिनतारी असेल तर त्यास विजेची तार नको व संदेशाचीहि नको. भिंतीला चिकटविलें कीं काम सुरू झालें, असें विकणारा सांगतो. परंतु चिकटविणें हें या कामांतील सर्वांत सोपें अंग आहे. तें कोठें लावावें, त्याच्या संदेशाचा अर्थ काय समजावा आणि त्यावर कितपत विसंबावें, हें ठरविण्यासाठीं प्रथम त्याची प्रकृति ओळखली पाहिजे.

विद्यार्थी मित्रहो, आपण येथें एकच उदाहरण घेऊं. घरांत वृद्ध आजी आहे. रात्रीं दोन-तीन वेळां ती आपल्या खोलींतून शौचालयाकडे जाते. मधल्या पॅसेजमध्यें अंधार असतो आणि दिव्याचें बटण तिच्या हाताशीं नसतें. ती उठून चालूं लागतांच पॅसेजमधील दिवा लागावा, एवढेंच आपलें काम. काम लहान खरें. पण अंधारांत पडून वृद्धांच्या खुब्याचें हाड मोडतें व त्यानंतर पुष्कळांस पूर्वींसारखें चालतां येत नाहीं, हें ध्यानांत घेतलें म्हणजे तें क्षुल्लक नव्हे, हें कळून येईल.

१. संवेदकास काय दिसतें?

इ. स. १८०० मध्यें विल्यम हर्शेल या ज्योतिर्विदानें इंग्लंडांत लोलकाच्या साहाय्यानें सूर्यप्रकाशाचे रंग वेगळे केले आणि निरनिराळ्या रंगांत तापमापक ठेवून उष्णता मोजली. तांबड्या रंगाच्या पलीकडे, जेथें डोळ्यांस कांहींच दिसत नव्हतें, तेथेंहि तापमापकाचा पारा चढला. त्या अदृश्य किरणांस आज आपण अवरक्त किरण म्हणतों. प्रत्येक उबदार वस्तु असे किरण बाहेर टाकीत असते. दृश्य प्रकाशाची तरंगलांबी सुमारें ०.४ ते ०.७ मायक्रोमीटर असते; माणसाच्या देहांतून निघणारे किरण ९ ते १० मायक्रोमीटरच्या सुमारास सर्वांत प्रबळ असतात. एक मायक्रोमीटर म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग होय.

आपल्या संवेदकाच्या पोटांत पायरोइलेक्ट्रिक जातीच्या पदार्थाचे दोन चिमुकले तुकडे शेजारीं शेजारीं बसविलेले असतात. या पदार्थाचें उष्णतामान बदलूं लागलें कीं त्यावर विद्युद्भार प्रकट होतो. उष्णतामान स्थिर राहिलें तर कांहीं घडत नाहीं. हे दोन तुकडे परस्परांच्या उलट जोडलेले असतात. त्यामुळें सबंध खोली हळूहळू तापली तर दोघांचे परिणाम एकमेकांस खोडून काढतात. परंतु एखादा उष्ण देह आधीं एका तुकड्यासमोरून व मग दुसऱ्यासमोरून गेला, तर एकदां धन व एकदां ऋण असा विजेचा झटका उत्पन्न होतो. हा झटका म्हणजेच 'हालचाल झाली' ही वर्दी.

संवेदकाच्या तोंडावर जो पांढुरका, खवल्याखवल्यांचा घुमट दिसतो, तो शोभेसाठीं नसून भिंगांचा समूह आहे. ऑगस्टिन फ्रेनेल या फ्रेंच शास्त्रज्ञानें दीपस्तंभासाठीं जाड भिंगाऐवजीं पायऱ्यापायऱ्यांचें पातळ भिंग योजिलें; तें १८२३ मध्यें फ्रान्सच्या किनाऱ्यावरील कॉर्दुआं दीपस्तंभांत बसविण्यांत आलें. त्याच तत्त्वाचीं लहान भिंगें येथें पॉलिएथिलीनच्या पातळ पत्र्यावर उठविलेलीं असतात. समुद्रावर प्रकाश दूर फेकण्याकरितां निघालेली युक्ति दुरून येणारी ऊब एकवटण्याच्या कामीं आली. हीं भिंगें समोरच्या जागेचे पंख्याच्या पात्यांसारखे पट्टे पाडतात, आणि माणूस एका पट्ट्यांतून दुसऱ्यांत गेला म्हणजे वर्दी उठते.

२. जागेची निवड

एवढें समजलें कीं जागा निवडण्याचे नियम पाठ करावे लागत नाहींत. ते आपोआप सुचतात. आजी संवेदकाच्या थेट दिशेनें चालत आली तर ती पट्टे ओलांडीत नाहीं, म्हणून वर्दी उशिरां उठते. ती त्याच्या समोरून आडवी गेली तर तत्काळ उठते. यास्तव संवेदक पॅसेजच्या टोकाशीं न लावतां आजीच्या दाराजवळ, बाजूच्या भिंतीवर लावावा. उंची साधारणतः दोन मीटर किंवा थोडी अधिक असावी. यंत्रासोबत आलेल्या पत्रकांत जी सांगितली असेल ती प्रमाण मानावी. त्याचें तोंड आजीच्या पलंगाकडे नसावें, नाहीं तर तिनें कूस बदलली तरी दिवा लागेल. खिडकीचें ऊन, चुलीची धग किंवा वातानुकूलन यंत्राचा झोत त्याच्यावर येऊं देऊं नये. त्यानें खोट्या वर्द्या उठतात. मांजराचा देहहि उबदारच असतो, म्हणून संवेदकाजवळ फळी किंवा कपाट असल्यास मांजर तेथें चढणार नाहीं असें पाहावें.

कांच आपल्याला पारदर्शक असली तरी या लांब तरंगांस ती भिंतीसारखीच आहे. म्हणून संवेदक कांचेच्या तावदानामागें ठेवूं नये.

३. बिनतारी जोडणी

संवेदकास वर्दी पोंचविण्यासाठीं श्रोता हवा. हा श्रोता म्हणजे हब नांवाची पेटी. दोघांमधील संभाषण पुष्कळदां झिगबी या पद्धतीनें चालतें. मधमाशी पोळ्यांत नाचून आपल्या सोबतिणींस फुलांची दिशा सांगते, त्या नाचावरून हें नांव घेतलेलें आहे. झिगबी घरांतील वाय-फायप्रमाणेंच बहुधा २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यांत बोलते, परंतु फार हळू आवाजांत. म्हणूनच बटणाएवढ्या सेलवर संवेदक वर्षभर किंवा त्याहूनहि अधिक काळ चालूं शकतो. आवाज हळू असल्यामुळें जाड दगडी किंवा कॉंक्रीटच्या भिंतींपुढें तो क्षीण होतो. यावर उपाय असा कीं, मधल्या खोलींत सतत विजेवर चालणारें झिगबीचें एखादें यंत्र, उदाहरणार्थ प्लग किंवा दिवा, ठेवावें. आग लागली असतां माणसें रांगेनें उभीं राहून पाण्याच्या बादल्या हातोहात पुढें देतात, तसा संदेश हीं यंत्रें पुढें देतात. सेलवर चालणारा संवेदक मात्र दुसऱ्याचा संदेश वाहून नेत नाहीं.

जोडणीचा क्रम येणेंप्रमाणें :

(१) हब घराच्या मध्यभागीं, पण वाय-फायच्या राउटरपासून कांहीं अंतरावर ठेवावें.
(२) मोबाइलवरील ॲपमध्यें नवें यंत्र जोडण्याची परवानगी द्यावी. ही परवानगी थोडाच वेळ खुली राहते.
(३) संवेदकाच्या सेलखालील कागदी पट्टी ओढून काढावी आणि त्याचें बारीक बटण पत्रकांत सांगितल्याप्रमाणें कांहीं सेकंद दाबून धरावें. त्याचा लहान दिवा लुकलुकतो; हबनें त्यास ओळखलें कीं नाहीं तें ॲपमध्यें पाहावें.
(४) त्यास अर्थपूर्ण नांव द्यावें. 'सेन्सर १' यापेक्षां 'आजीच्या दाराबाहेर' हें नांव सहा महिन्यांनींहि कळेल.
(५) सेल घातल्यावर सुमारें एक मिनिट संवेदकास स्थिर होऊं द्यावें, मग चालून पाहावें.

हब विकत घेतांना एक गोष्ट विचारावी : इंटरनेट बंद पडलें असतां नियम चालतात काय? ज्या व्यवस्थेंत नियम घरांतल्या घरांत चालतात ती पसंत करावी. २०१३ मध्यें सुरू झालेली होम असिस्टंट ही मुक्त आज्ञावली अशाच प्रकारची आहे. आजीच्या पायांखालचा उजेड दूर देशींच्या संगणकावर अवलंबून असूं नये.

४. नियम आणि त्यांतील धोका

आतां हबला नियम सांगावयाचा. सूर्यास्तापासून सूर्योदयापर्यंत आजीच्या दाराबाहेर हालचाल झाली तर पॅसेजचा दिवा मंद लावावा. पांच मिनिटें हालचाल नसेल तर मालवावा. पांचांऐवजीं एक मिनिट ठेवण्याचा मोह होतो, परंतु सेल वांचविण्यासाठीं पुष्कळ संवेदक एकदां वर्दी दिल्यावर मिनिटभर गप्प राहतात, हें विसरूं नये. तसेंच, दिवा झिगबीचा असेल तर त्याचें भिंतीवरील बटण बंद करूं नये. वीज तुटली कीं तो दिवा बहिरा होतो व आज्ञा ऐकत नाहीं. बटणावर तशी चिठ्ठी लावावी.

येथपर्यंत सर्व ठीक दिसतें. आतां एक प्रश्न विचारूं. शौचालयांतून परततांना आजीचा पाय घसरला, ती पॅसेजमध्यें पडली आणि वेदनेनें निपचित राहिली, तर आपला हा बिनतारी जागल्या काय करील? तो पांच मिनिटें वाट पाहील आणि दिवा मालवून टाकील. दिव्याची गरज जेव्हां सर्वांत अधिक, तेव्हांच अंधार होईल. त्यांत यंत्राचा दोष नाहीं. 'येथें कोणी नाहीं' असें तें कधींच म्हणत नाहीं; 'मला हालचाल जाणवली नाहीं' एवढेंच तें सांगतें. निश्चल माणूस म्हणजे अनुपस्थित माणूस, हा अर्थ आपण त्याच्या शब्दांवर लादतों.

हा धोका ओळखल्यावर नियम सुधारतां येतो. रात्रीं दिवा पूर्ण न मालवतां अगदीं मंद करावा आणि तो पहाटेपर्यंत तसाच राहूं द्यावा, लहान एल.ई.डी. दिव्यास वीज अत्यल्प लागते. दुसरा संवेदक आजीच्या खोलींत दाराच्या आंतल्या बाजूस लावून असा नियम करतां येतो कीं, ती बाहेर गेली आणि वीस मिनिटांत परत आंत आली नाहीं, तर मुलाच्या खोलींत घंटा वाजावी. बारीक हालचालहि ओळखणारे रडार जातीचे संवेदक मिळतात. त्यांतील बहुतेकांस मात्र सतत वीज लागते. परंतु यांपैकीं कोणतीहि योजना केली तरी घंटा वाजल्यावर अंथरूण सोडून उठणारें माणूस घरांत असलें पाहिजे. यंत्र वर्दी देईल, हात देणार नाहीं.

५. राखण

उन्हाळ्यांत विदर्भ-मराठवाड्यांत खोलीचें उष्णतामान माणसाच्या कातडीएवढें होतें. तेव्हां देह आणि भिंत यांतील फरक नाहींसा झाल्यामुळें संवेदक मंदावतो. म्हणून हिवाळ्यांत उत्तम चाललेली योजना एप्रिल-मे महिन्यांत पुन्हा तपासावी. वीज गेली तर संवेदक जागा असतो, पण हब आणि दिवा झोपलेले असतात; हब इन्व्हर्टरवर जोडावें आणि आजीच्या उशाशीं साधी विजेरी ठेवावी. तेलाची तरतूद न करणाऱ्या पांच कुमारींची गोष्ट आपण सर्वांनीं ऐकलेली आहे. सेल संपत आल्याची सूचना ॲपमध्यें दिसतांच नवा सेल आणावा. जुना सेल मात्र कोठेंहि टाकूं नये. लहान मुलानें बटण-सेल गिळला तर दोन तासांच्या आंतहि अन्ननलिकेस भयंकर इजा होऊं शकते. तसा नुसता संशय आला तरी मुलास तत्काळ रुग्णालयांत न्यावें.

पालकांस एक विनंति. संवेदक छायाचित्र घेत नसला तरी आजी रात्रीं किती वेळां उठली याची नोंद हबमध्यें राहते. ही तिची खाजगी गोष्ट आहे. म्हणून यंत्र लावण्यापूर्वीं तें काय करतें हें तिला समजावून सांगावें आणि तिची संमति घ्यावी. ती नोंद कोणीं पाहावी हेंहि तिलाच ठरवूं द्यावें.

६. विद्यार्थ्यांसाठीं अभ्यास

(अ) आपल्या घराचा नकाशा काढून संवेदकासाठीं दोन जागा निवडा आणि त्यांतील कोणती अधिक चांगली हें सकारण लिहा.
(आ) संवेदक मिळाल्यास त्याच्यासमोरून आडवे चाला, मग त्याच्या दिशेनें सरळ चाला. दोन्ही वेळां कितव्या पावलाला वर्दी उठते तें मोजा. हाच प्रयोग मधें कांचेचें तावदान धरून करा.
(इ) त्याच्यासमोर अगदीं स्तब्ध बसा आणि तुम्ही खोलींत असतांनाच दिवा कधीं मालवतो तें घड्याळांत पाहा.

तिसरा प्रयोग घरांतील वडील मंडळींस अवश्य दाखवा. आणि संवेदक लागल्यानंतरहि रोज सकाळीं आजीजवळ बसून, 'रात्रीं झोप लागली का? चालतांना कांहीं त्रास झाला का?' हें तिला विचारीत जा. त्या प्रश्नांचीं उत्तरें हबच्या नोंदींत सांपडत नाहींत.