अडगावची लढाई : परिसरातून इतिहासाचा एक पाठ

इंग्रजी इतिहासग्रंथांत 'आर्गाम' नावाची एक लढाई आढळते. ते ठिकाण म्हणजे अकोटच्या पश्चिमेस, तेल्हारा तालुक्यात असलेले अडगाव होय. परकीय उच्चारात गावाचे नाव हरवले आणि वॉटर्लूची लढाई पाठ करणारा विद्यार्थी शेजारच्या रणभूमीस पारखा झाला. वस्तुतः या दोन्ही ठिकाणी इंग्रजांचा सेनापती एकच होता. १८१५ साली वॉटर्लू येथे नेपोलियनचा पराभव करणारा ड्यूक ऑफ वेलिंग्टन हाच १८०३ साली अडगावी लढलेला आर्थर वेलस्ली होय.

दि. २९ नोव्हेंबर १८०३ रोजी लांबची मजल करून आलेल्या आपल्या सैन्याला त्या दिवशी लढावयास लावण्याचा वेलस्लीचा विचार नव्हता. परंतु पाथर्डीच्या बुरुजावरून त्यास सिरसोलीपलीकडे मराठी फौज दिसली. नागपूरकर भोसल्यांचे सैन्य मन्याबापू यांच्या हाताखाली होते व शिंद्यांचे घोडदळ त्यांच्या साहाय्यास होते.

लढाईच्या आरंभी एक विलक्षण प्रकार घडला. मराठ्यांच्या तोफा सुरू होताच इंग्रजांकडील तीन देशी पलटणी पळत सुटल्या. सुमारे दोन महिन्यांपूर्वी, २३ सप्टेंबर रोजी, असईच्या भीषण रणात याच पलटणींनी उत्तम पराक्रम केला होता. वेलस्ली जवळच होता. त्याने त्यांस आवरून पुन्हा ओळीत आणले. आपण तेथे नसतो तर लढाई हातची गेली असती, असे त्याने पुढे स्वतःच लिहिले. शौर्य हा कायमचा ठेवा नव्हे. शिस्त व नेतृत्व यांच्या आधारानेच ते टिकते, हा बोध येथे मिळतो. अखेर मराठ्यांच्या ३८ तोफा इंग्रजांच्या हाती पडल्या व चांदण्यात पाठलाग चालला.

पराभूत सैन्यापैकी पुष्कळ लोक गाविलगडावर गेले. गडाच्या उत्तरेकडून मारा करण्यासाठी इंग्रजांनी जड तोफा डोंगरांतून, सैनिकांनीच तयार केलेल्या वाटेने, सुमारे ३० मैल ओढून नेल्या. १५ डिसेंबर रोजी गड पडला. १७ डिसेंबरला भोसल्यांशी देवगावचा तह झाला आणि ३० डिसेंबरला शिंद्यांशी सुर्जी-अंजनगावचा. वर्धा नदीच्या पश्चिमेकडील वऱ्हाड भोसल्यांच्या हातून गेले. मात्र नरनाळा व गाविलगड हे किल्ले त्या तहाने त्यांच्याकडेच राहिले. याप्रमाणे एका महिन्यात, अकोटच्या परिसरात, दोन प्रबळ मराठी सत्तांचे भवितव्य ठरले.

हा पाठ घेताना शिक्षकांनी प्रथम फळ्यावर अकोट, अडगाव, अंजनगाव, अचलपूर व गाविलगड यांचा नकाशा काढावा. तारखा त्यानंतर सांगाव्यात. शक्य असल्यास मुलांस नरनाळा दाखवावा. जय कोणाचा झाला एवढ्यावर न थांबता पुढील प्रश्न विचारावेत :

१. शूर म्हणून नावाजलेल्या पलटणी का पळाल्या असतील?
२. दोन्ही बाजूंस देशी शिपाई होते. यावरून त्या काळाविषयी काय समजते?
३. लढाईच्या दिवशी अडगावच्या शेतकऱ्यावर कोणता प्रसंग ओढवला असेल?

तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर ग्रंथांत क्वचितच मिळते. म्हणून तो अवश्य विचारावा.