पांडुता, नासारक्तस्राव आणि वाढलेला ई.एस.आर. : वाल्डेनस्ट्रॉम व्याधीचे निदान

साठी ओलांडलेला रुग्ण दौर्बल्य, श्रमश्वास व पांडुता घेऊन येतो. मधूनमधून नाकातून रक्त जाते. ई.एस.आर. शंभरापुढे असतो. अशा वेळी पांडूसाठी नवायस लोह, रक्तपित्तासाठी वासा आणि ई.एस.आर.मुळे क्षयाची शंका, असे तीन वेगळे विचार होतात. या तिन्हींचे मूळ एकच असू शकते, याकडे लक्ष वेधणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

व्याधिपरिचय : स्वीडनचे यान वाल्डेनस्ट्रॉम यांनी १९४४ साली नाका-तोंडातून रक्तस्राव, पांडुता व वाढलेला ई.एस.आर. असलेल्या दोन रुग्णांचे वर्णन केले. रक्ताचा हा कर्करोग दुर्मिळ व मंदगती आहे. अस्थिमज्जेतील विकृत लिम्फोसाइट पेशी आयजीएम हे प्रथिन अतिप्रमाणात निर्माण करतात. त्याचा रेणू मोठा असून तो मुख्यतः रक्तवाहिन्यांतच राहतो. त्यामुळे रक्त दाट होते. तांबड्या पेशी नाण्यांच्या चळतीप्रमाणे चिकटतात व ई.एस.आर. वाढतो. प्लेटलेटचे कार्य बिघडल्याने, त्यांची संख्या प्राकृत असूनही रक्तस्राव होऊ शकतो.

प्रश्न व परीक्षण : दृष्टी धूसर होते का, डोके दुखते का, भ्रम होतो का, पायांत मुंग्या येतात का, थंडीत बोटे निळी पडतात का, हे अवश्य विचारावे. लसिकाग्रंथी, यकृत व प्लीहा तपासावी. नेत्रतज्ज्ञांना दृष्टिपटलावरील सिरा फुगलेल्या व ठिकठिकाणी आवळलेल्या दिसू शकतात.

तपासण्या : रक्तगणनेबरोबर टोटल प्रोटीन व अल्ब्युमिन पाहावे. ग्लोब्युलिन वाढलेले आढळल्यास सीरम प्रोटीन इलेक्ट्रोफोरेसिस करावे. त्यात एम-बँड दिसल्यास इम्युनोफिक्सेशनने आयजीएमची ओळख पटते. निश्चित निदान अस्थिमज्जा परीक्षणानेच होते. एमवायडी८८ या जनुकातील विशिष्ट बदल २०१२ साली प्रसिद्ध झाला. तो नव्वद टक्क्यांहून अधिक रुग्णांत आढळतो. मल्टिपल मायलोमात सामान्यतः दिसणारी अस्थिक्षती येथे क्वचितच असते.

सावधानता : लक्षणे नसलेल्या रुग्णास अनेकदा वर्षानुवर्षे केवळ निरीक्षणाखाली ठेवले जाते. मात्र नासारक्तस्रावासोबत दृष्टी धूसर झाल्यास विलंब करू नये. अशा रुग्णास प्लाझ्माफेरेसिसची सोय असलेल्या रुग्णालयात तातडीने पाठवावे. ऊर्ध्वग रक्तपित्तात विरेचन शास्त्रोक्त असले, तरी येथे द्रवक्षयाने रक्त अधिकच दाट होईल. केवळ हिमोग्लोबिन कमी म्हणून रक्त चढविण्याची घाईही घातक ठरू शकते.

औषधविक्रेत्यांनीही ध्यानात ठेवावे की, महिनोन्महिने लोहकल्प नेणाऱ्या वृद्धाची पांडुता हटत नसेल, तर त्यास पुढची बाटली देण्यापूर्वी वैद्यांकडे पाठवणे श्रेयस्कर. लोहाने उपशय न मिळणे हेही निदानाचे एक साधन आहे.