शेअर्ड फोल्डर उघडत नाही तेव्हा

घरातल्या एका विंडोज संगणकावरचे फोल्डर दुसऱ्यावरून उघडायचे, तर चार टप्पे पार पडावे लागतात: त्या संगणकापर्यंत पोचणे, तिथे ओळख पटणे, शेअरमध्ये प्रवेश मिळणे आणि प्रत्यक्ष फाइलवर अधिकार असणे. दोष याच क्रमाने शोधला, तर परवानग्या उगाच सैल कराव्या लागत नाहीत. खालील संवादात डेस्कटॉपवरचे ‘फोटो’ हे फोल्डर लॅपटॉपवरून उघडायचे आहे.

भाचा: आत्या, ‘फोटो’ उघडत नाहीये. परवानगीचाच घोळ असेल ना?

आत्या: आधी पडद्यावरचा संदेश नीट वाच. ‘नेटवर्क पाथ सापडला नाही’ असं असेल, तर गोष्ट अजून परवानगीपर्यंत गेलेलीच नाही. नाव-पासवर्ड मागत असेल, तर प्रश्न ओळखीचा. ‘ॲक्सेस डिनाइड’ आलं, तर बहुधा डेस्कटॉपने ओळखलंय, पण अधिकार नाही म्हणून अडवलंय.

भाचा: पाथच सापडत नाही म्हणतोय.

आत्या: मग दोन्ही यंत्रं एकाच नेटवर्कवर आहेत का ते बघ. पाहुण्यांसाठीच्या वेगळ्या वाय-फायवरून घरातली इतर यंत्रं सहसा दिसत नाहीत. त्यानंतर डेस्कटॉपच्या सेटिंग्जमध्ये जा. नेटवर्क ‘पब्लिक’ असेल, तर फायरवॉल सहसा शेअरिंग अडवते. घरचं नेटवर्क ‘प्रायव्हेट’ कर आणि ‘फाइल अँड प्रिंटर शेअरिंग’ चालू कर. तरीही अडलं, तर संगणकाच्या नावाऐवजी त्याचा आयपी पत्ता टाकून बघ. त्याने उघडलं, तर बहुधा फक्त नाव शोधण्यात अडचण आहे.

भाचा: आता नाव आणि पासवर्ड मागतोय. माझा पिन मात्र घेत नाही.

आत्या: पिन त्या एकाच यंत्रापुरता असतो, नेटवर्कवरून चालत नाही. इथे डेस्कटॉपवरच्या खात्याचं नाव आणि पासवर्ड लागतो. ज्या खात्याला पासवर्डच नाही, त्याला विंडोज मूळ सेटिंगमध्ये नेटवर्कवरून आत घेत नाही. सगळ्यात सरळ उपाय म्हणजे डेस्कटॉपवर शेअरिंगपुरतं एक साधं स्थानिक खातं काढायचं आणि त्याला चांगला पासवर्ड द्यायचा.

भाचा: आणि पासवर्ड बरोबर असूनही नाकारला तर?

आत्या: लॅपटॉपने जुना पासवर्ड साठवून ठेवलेला असू शकतो. ‘क्रेडेन्शियल मॅनेजर’मध्ये ‘विंडोज क्रेडेन्शियल्स’ उघड आणि डेस्कटॉपच्या नावाची नोंद काढून टाक. एरर १२१९ आला, तर अर्थ असा की, त्याच संगणकाशी दुसऱ्या खात्याने आधीच जोडणी झालेली आहे. एका वेळी दोन खात्यांनी जोडता येत नाही. लॅपटॉप रीस्टार्ट करून योग्य खात्यानेच आत जा.

भाचा: उघडलं! फोटो दिसतात, पण नवीन फोटो ठेवता येत नाही.

आत्या: आता खरी परवानगी आली. डेस्कटॉपवर फोल्डरच्या ‘प्रॉपर्टीज’मध्ये परवानग्यांच्या दोन याद्या असतात. ‘शेअरिंग’ टॅबमधल्या ‘ॲडव्हान्स्ड शेअरिंग’मध्ये शेअरची यादी: रीड, चेंज, फुल कंट्रोल. ‘सिक्युरिटी’ टॅबमध्ये एनटीएफएसची, म्हणजे डिस्कवरच्या फाइल-फोल्डरची यादी. नेटवर्कवरून येणाऱ्याला दोन्ही याद्यांत मंजूर असेल तेवढंच करता येतं. शेअरमध्ये रीड आणि सिक्युरिटीत मॉडिफाय असेल, तर हाती फक्त वाचणं उरतं.

भाचा: पण डेस्कटॉपवर बसून त्याच खात्याने सगळं करता येतं.

आत्या: कारण तिथे शेअरची यादी लागूच होत नाही. ‘ॲडव्हान्स्ड शेअरिंग’ सुरुवातीला सगळ्यांना फक्त रीड देतं, म्हणून हा दोष फार आढळतो. त्या खात्याला शेअरमध्ये चेंज दे आणि सिक्युरिटीत मॉडिफाय.

भाचा: खातं दोन गटांत असेल आणि दोन्ही गटांना वेगळ्या परवानग्या असतील तर?

आत्या: एकाच यादीत त्या परवानग्यांची बेरीज होते. ‘डिनाय’ची खूण मात्र सहसा ‘अलाऊ’वर मात करते. म्हणून कोणाला अडवायचं असेल, तर डिनाय लावण्यापेक्षा त्याला परवानगीच देऊ नये. ‘सिक्युरिटी’तल्या ‘ॲडव्हान्स्ड’मध्ये ‘इफेक्टिव्ह ॲक्सेस’ आहे. तिथे खातं निवडलं की सिक्युरिटीच्या यादीनुसार त्याच्या हाती काय येतं ते दिसतं.

भाचा: बाकी सगळं उघडतं, एकच फाइल उघडत नाही.

आत्या: ती दुसऱ्या फोल्डरमधून हलवून आणलेली असेल. त्याच ड्राइव्हवर हलवलेल्या फाइलबरोबर जुन्या परवानग्या येऊ शकतात; कॉपी केलेली फाइल नव्या फोल्डरच्या परवानग्या घेते. त्या फाइलच्या ‘ॲडव्हान्स्ड’मध्ये ‘इनहेरिटन्स’ चालू कर. नावाऐवजी लांबलचक क्रमांक दिसला, तर ती नोंद पुसलेल्या किंवा दुसऱ्या संगणकावरच्या खात्याची असते. जुनी डिस्क जोडल्यावर असं होतं. तेव्हा ॲडमिनिस्ट्रेटर खात्याने आधी मालक बदलावा, मग परवानगी द्यावी.

भाचा: त्यापेक्षा दोन्ही याद्यांत ‘एव्हरीवन’ला फुल कंट्रोल देऊन टाकलं तर?

आत्या: मग घरातल्या एका लॅपटॉपमध्ये रॅन्समवेअर शिरलं, तर ते शेअरमधले सगळे फोटो कुलूपबंद करू शकेल. ज्याला फक्त बघायचंय, त्याला रीड पुरे. बदल करणाऱ्याला चेंज आणि मॉडिफाय पुरतात. पूर्ण ड्राइव्हही शेअर करू नये, लागेल तेवढंच फोल्डर करावं. शेवटी लॅपटॉपवरून एक फाइल तयार कर, तिचं नाव बदल आणि ती पुसून टाक. तिन्ही जमलं, तर परवानगी बरोबर बसली.