साडेदहा की चौदा?

चि. निखिल,

कारखान्यात लागून महिना झाला नाही तोच मोटरशी भांडण काढलंस, हे वाचून मामाला बरंच वाटलं. ७.५ किलोवॅट, ४१५ व्होल्ट. तुझ्या हिशोबाने करंट साडेदहा अँपिअर आणि टाँग टेस्टर दाखवतो चौदा. फोरमन म्हणतात, टेस्टर बिघडलाय. टेस्टर चांगला आहे रे!

नेमप्लेटवरचे किलोवॅट म्हणजे मोटर शाफ्टवर जे देते ते. लाइनमधून ती त्याहून जास्त घेते, कारण वायंडिंग तापतं, गाभा तापतो, मागचा पंखाही फुकट फिरत नाही. एफिशियन्सी ८८ टक्के आणि पॉवर फॅक्टर ०.८४ धर. आता ७५०० ला १.७३२ × ४१५ × ०.८४ × ०.८८ ने भाग. १४.१ येतात. तू छेदातले शेवटचे दोन आकडे गाळलेस, एवढंच.

एचपीला १.४ अँपिअर हा वायरमन लोकांचा ठोकताळा केबलच्या अंदाजाला ठीक. एक एचपीच्या किंवा सावकाश फिरणाऱ्या आठ पोलच्या मोटरला तो कमी पडतो. त्यांचा पॉवर फॅक्टरच हलका. आणि मुळात अँपिअर प्लेटवर छापलेले असतात. तुझ्या प्लेटवर रंग चढलाय ना? थिनरचा बोळा फिरव आणि वाच. फोरमनना चारचौघांत खोटं पाडू नकोस, ती प्लेट दाखव.

खरी काळजी मला तुझ्या स्टार-डेल्टा स्टार्टरची वाटते. त्यात ओव्हरलोड रिले बहुधा मेन कॉन्टॅक्टरच्या खाली असतो. तिथून लाइनचा पूर्ण करंट जातच नाही, वायंडिंगचा जातो: १४.१ भागिले १.७३२, म्हणजे ८.१. रिलेच्या सेटिंगची चकती १४ वर असेल तर ओव्हरलोडवर मोटर जळेल आणि रिले गप्प बसेल. पॅनेलवाल्याने रिले नेमका कुठे बसवलाय, ते सप्लाय बंद करून वायरीमागे वायर धरून शोध. ड्रॉइंगवर विसंबू नकोस.

चालू होताना काटा उसळला तर घाबरू नकोस. डायरेक्ट स्टार्टरवर तर सहा-सात पट करंट क्षणभर जातोच. पण दुपारी व्होल्टेज ३८० वर आलं आणि लोड तोच राहिला, तर हीच मोटर पंधराच्या वर ओढेल आणि रिले पडू शकेल. मग कोणीतरी म्हणेल, "चकती थोडी वाढव." वाढवायची नाही. आधी तिन्ही फेजवर टेस्टर लाव. एक फेज बाकीच्यांपेक्षा फार वेगळा दिसला तर फ्यूज आणि कॉन्टॅक्टरचे पॉइंट बघ. तिन्ही सारखेच चढलेले असतील तर व्होल्टेज बघ, नाहीतर मशीन कुठे जड चाललंय ते बघ.

पुढच्या पत्रात तिन्ही फेजचे आकडे, त्या वेळचं व्होल्टेज आणि रिलेची चकती कितीवर होती ते लिही. आईला नमस्कार सांग.

तुझा,
मामा