शेतघरातील सौर वीज : बॅटरीचा जमाखर्च

वीजवाहिनीपासून दूर असलेल्या शेतवस्तीवर रात्रीच्या राखणीसाठी, मुलांच्या अभ्यासासाठी आणि साप-विंचवापासून सावध राहण्यासाठी उजेडाची गरज असते. लहान सौर संच ही गरज चांगली भागवितो. परंतु विजेचा हिशोब न ठेवल्यास संचातील बॅटरी अल्पावधीतच निकामी होते व शेतकऱ्याचा पैसा वाया जातो.

संचाचे भाग

सौर पॅनेल उन्हापासून वीज निर्माण करते. चार्ज कंट्रोलर ती वीज बॅटरीस बेताने पुरवितो. बॅटरी म्हणजे विजेची कणगी होय. इन्व्हर्टर बॅटरीतील १२ व्होल्टची वीज २३० व्होल्टची करून देतो. तो नवी वीज निर्माण करीत नाही, उलट थोडी स्वतःच खातो.

जमा आणि खर्च

१०० वॅटच्या पॅनेलवर दिवसातून ५ तासांइतके भरपूर ऊन पडल्यास, घट वजा जाता सुमारे ३५० वॅट-तास वीज हाती येते. ही झाली जमा.

खर्च असा : ९ वॅटचे दोन दिवे ५ तास, ९० वॅट-तास, २५ वॅटचा डीसी पंखा ८ तास, २०० वॅट-तास, मोबाइलसाठी ३० वॅट-तास. एकूण ३२०. दिवे व पंखा १२ व्होल्टचे असल्यास इन्व्हर्टर लागत नाही.

याउलट ७५ वॅटचा साधा पंखा ८ तासांत ६०० वॅट-तास खातो. त्यात इन्व्हर्टरची घट निराळी. शिवाय १० वॅट खाणारा इन्व्हर्टर विनाकारण दिवसरात्र चालू राहिल्यास २४० वॅट-तास फुकट जातात. काम संपताच तो बंद करावा. पाण्याचा पंप या संचावर कदापि लावू नये. १ अश्वशक्ती म्हणजेच ७४६ वॅट होत, आणि सुरू होताना पंप त्याच्या कित्येक पट वीज ओढतो.

बॅटरीची शिल्लक

१२ व्होल्ट, १०० अँपिअर-तासांच्या शिसे-आम्ल बॅटरीत १२०० वॅट-तास वीज मावते. त्यातील निम्मीच वापरावी. कणगीतील बियाण्याचा वाटा जसा खाण्यास काढीत नाहीत, तसाच उरलेला निम्मा भाग समजावा. वरील खर्चास ही शिल्लक ढगाळ हवेत जेमतेम दोन रात्री पुरते. काही तास वापर थांबवून मोजल्यावर भरलेली बॅटरी सुमारे १२.७ व्होल्ट दाखविते, १२.२ व्होल्टवर आल्यास पंखा बंद करून दिव्यापुरताच वापर ठेवावा. लिथियम बॅटरीतून अधिक वीज काढता येते. मात्र तिची किंमत जास्त असते व कंट्रोलर तिला योग्य असाच लागतो.

घ्यावयाची काळजी

१. पॅनेल दक्षिणाभिमुख व सुमारे २० अंश कलते बसवावे. एका फांदीची सावलीही वीज बरीच घटविते.
२. पॅनेलवरील धूळ सकाळी, काच थंड असताना पाण्याने धुवावी.
३. बॅटरी हवेशीर जागी, मुलांच्या हाताबाहेर ठेवावी. भरताना तिच्यातून ज्वालाग्राही वायू निघतो. जवळ विडी ओढू नये.
४. प्लेटा उघड्या पडू देऊ नयेत. फक्त ऊर्ध्वपातित पाणी घालावे.
५. बॅटरीलगत फ्यूज बसवावा. ५०० वॅटच्या भारास १२ व्होल्टवर ४० अँपिअरहून अधिक प्रवाह लागतो. बारीक तार तापून आग लागण्याचा संभव असतो.
६. जोडणी करताना कंट्रोलरला प्रथम बॅटरी व नंतर पॅनेल जोडावे. सोडविताना उलट क्रम ठेवावा.

ग्रामसेवकांनी संच घेऊ इच्छिणाऱ्या कुटुंबाबरोबर बसून रोजच्या वापराचा तक्ता प्रथम कागदावर मांडावा व त्यावरूनच पॅनेल आणि बॅटरीचे माप ठरवावे. पावसाळ्यात जमा कमी होते, म्हणून खर्चही त्या मानाने आखडता घ्यावा.